टोपीवरचा गुलाबी डाग आणि राखाडी ढग: डार्कटेबलमध्ये हायलाइट परत परत का बिघडतात

गेल्या महिन्यात भाचा माझ्या लॅपटॉपवर दिवे घाटातले वारीचे फोटो बघत बसला होता आणि मधेच म्हणाला, "मामा, ह्या आजोबांच्या टोपीवर गुलाल कसा काय? वारीत तर बुक्का लावतात ना?" जाऊन बघतो तर टोपीच्या वरच्या भागावर, जिथं ऊन थेट पडलेलं, तिथं नखाएवढा गुलाबी डाग. शेजारच्या माणसाच्या सदऱ्याच्या खांद्यावरही तसाच एक, आणि मागच्या ढगाच्या कडेलाही. गुलाल कुठला आलाय, माझा तोच जुना घोळ परत आला होता, जो मी किमान तीन वेळा "सोडवला" होता.

त्यामुळे ह्यावेळी नीट मुळाशी जाऊन बघितलं आणि ते सगळं इथं लिहून ठेवतोय. मी डार्कटेबल (कॅमेऱ्याच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाईलवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर) वापरतो त्यामुळे नावं सगळी त्यातली येतील, पण रॉथेरपी असो नाहीतर पैसे भरून घेतलेलं कुठलंही सॉफ्टवेअर असो, आतली भानगड तीच असते, फक्त बटणं वेगळ्या जागी.

आधी मी काय करायचो ते सांगतो, म्हणजे तुम्ही पण तेच करत असाल तर लगेच कळेल. आकाश पांढरं फट्ट दिसलं की एक्सपोजर खाली ओढायचं. मग खालची माणसं काळी पडायची, म्हणून शॅडो वर. मग सगळा फोटो शिळ्या चहासारखा व्हायचा, म्हणून कॉन्ट्रास्ट, आणि कॉन्ट्रास्ट दिला की आकाश परत पांढरं. अर्धा तास ह्यातच जायचा आणि शेवटी माणसांच्या डोक्याभोवती उजळ वलय आलेलं असायचं, जणू सगळेच संत. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

कारण "हायलाइट (फोटोतले सगळ्यात उजळ भाग) उडालेत" असं आपण एका दमात म्हणतो पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, सेन्सरमध्येच उडालेत, म्हणजे फाईलमध्ये माहितीच नाही. दोन, माहिती आहे (किंवा अर्धी आहे) पण सॉफ्टवेअरला ती कुठं संपते ते चुकीचं माहितीय, गुलाबी डाग बहुतेक वेळा इथून येतो. तीन, फाईलमध्ये सगळं शाबूत आहे, फक्त शेवटी स्क्रीनवर बसवताना टोन मॅपिंगने ते चेपलंय. कुठल्याही स्लायडरला हात लावायच्या आधी ह्या तिन्हींतलं कुठलं आहे ते ठरवायचं, आणि ते ठरवायला अर्धं मिनिट लागतं. खरंच अर्धं मिनिट, मी चार वर्षं ते केलं नाही.

डार्करूममध्ये (डार्कटेबलचा फोटो सुधारायचा भाग) फोटोच्या खाली उजवीकडे दोन वेगवेगळे इशारे आहेत आणि दोन्ही सारखेच वाटतात म्हणून लोक एकच वापरतात. कीबोर्डवर नुसता ओ (O) दाबला की स्क्रीनवर दाखवताना काय कापलं जातंय ते दिसतं. शिफ्ट आणि ओ दाबलं की रॉ फाईलमध्येच काय कापलं गेलंय ते दिसतं, तुम्ही एक्सपोजर कितीही खालीवर करा, ह्याला फरक पडत नाही. ओ पेटतोय आणि शिफ्ट-ओ शांत आहे, तर माहिती शाबूत आहे, काम टोन मॅपिंगचं. शिफ्ट-ओ पेटतोय, तर रंग बघा. त्या चिन्हावर राइट क्लिक करून कुठला चॅनल (लाल, हिरवा की निळा) कापला गेलाय ते रंगात बघता येतं, आणि नुसताच हिरवा दिसत असेल तर अजून आशा आहे, लाल आणि निळ्याच्या आधाराने हिरवा बऱ्यापैकी अंदाजाने उभा करता येतो. तिन्ही गेले असतील तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तिथं सॉफ्टवेअर जे दाखवेल ते आजूबाजूचं बघून केलेलं भरतकाम असतं, ते छान दिसू शकतं पण ते तिथं होतं म्हणून दिसत नाही.

हिरवाच का आधी जातो, तर दिवसाच्या उजेडात सेन्सरचा हिरवा चॅनल जास्त भरतो, लाल आणि निळा मागं असतात. म्हणून व्हाइट बॅलन्समध्ये (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेला हिशोब) लालला साधारण दुप्पट आणि निळ्याला दीडपट गुणतात, हिरव्याला एकने. आता जिथं तिन्ही चॅनल काठोकाठ भरलेत तिथं काय होतं बघा: तिन्हीचा आकडा सारखाच, समजा १. गुणाकार झाला की लाल २, हिरवा १, निळा १.५. लाल आणि निळा जास्त, हिरवा कमी, म्हणजे गुलाबी-जांभळा. तो गुलाल हा इथून येतो! टोपी पांढरीच होती, गुणाकाराने रंगली.

हे होऊ नये म्हणूनच हायलाइट रीकन्स्ट्रक्शन हे मॉड्यूल असतं आणि ते चालूच असतं. मग माझ्याकडे डाग का? मी आधी पद्धत बदलून बघितली, एक, दुसरी, तिसरी, ढिम्म फरक नाही. आणि इथंच खरी गंमत होती जी मला आधी लक्षात आली नाही: शिफ्ट-ओ केलं तर त्या गुलाबी डागावर इशारा पेटतच नव्हता. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते तिथं काही कापलंच गेलं नाहीये, सगळं आलबेल, ते पिक्सेल खरोखर गुलाबी आहेत. जे बिघडलंय हे त्याला माहितीच नाही ते मॉड्यूल दुरुस्त काय करणार.

ह्याचा अर्थ सॉफ्टवेअरने "भरलं" ची रेघ चुकीच्या जागी धरलीय. १४ बिटच्या फाईलमध्ये आकडे ० ते १६३८३ पर्यंत जाऊ शकतात, पण प्रत्येक सेन्सर तिथपर्यंत जातोच असं नाही, काही खूप आधीच आपटतात, आणि काही कॅमेऱ्यांत तर ती रेघ आयएसओप्रमाणे (कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेची सेटिंग) बदलते. माझ्या फोटोंत आयएसओ ४०० चे ढग स्वच्छ होते आणि गुलाबी डाग फक्त आयएसओ १०० वाल्यांत, ही खूण मला चार वर्षांपूर्वीच दिसायला हवी होती. रॉथेरपीत हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रॉ मोडवर टाकून एक पूर्ण जळलेला फोटो उघडला (मुद्दाम ट्यूबलाइटचा काढला, पाच स्टॉप ओव्हर, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) तर उजवीकडची दांडी १५३०० च्या जवळ आपटून उभी, त्यापुढं शुकशुकाट. आणि डार्कटेबलच्या रॉ ब्लॅक-व्हाइट पॉइंट मॉड्यूलमध्ये व्हाइट पॉइंट १६३८३.

तो १५२०० केला, आणि टोपी पांढरी. एका फटक्यात. आकडा आपटण्याच्या जागेपेक्षा किंचित खालीच ठेवायचा, बरोब्बर त्यावर ठेवला तर काठावरचे पिक्सेल सुटतात आणि गुलाबी दाणे दाणे राहतात. शिफ्ट-ओ पण लगेच पेटायला लागला जिथं पेटायला हवा होता. हे करायचं नसेल तर हायलाइट रीकन्स्ट्रक्शनमध्येच क्लिपिंग थ्रेशोल्ड १ वरून ०.९२ च्या आसपास आणून पण काम होतं, एखाददुसऱ्या फोटोला मी तेच करेन, पण तुमच्या कॅमेऱ्याचा हा कायमचा स्वभाव असेल तर व्हाइट पॉइंटच बदला आणि त्याचा प्रीसेट करा. प्रीसेट करताना ऑटो अप्लायमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओची रेंज देता येते, मी फक्त १०० ला लावलाय. सगळ्या आयएसओला एकच आकडा ठोकू नका, जिथं रेघ वर आहे तिथले चांगले हायलाइट उगाच कापले जातील.

एक फरक लक्षात ठेवा, गुलाबीपणा फक्त सगळ्यात उजळ जागी असेल तरच हे. पूर्ण फोटोच गुलाबी किंवा निळसर झालाय तर ते वेगळंच प्रकरण, बहुतेक वेळा व्हाइट बॅलन्स दोनदा लागलेला असतो, एकदा व्हाइट बॅलन्स मॉड्यूलमध्ये आणि परत कलर कॅलिब्रेशनमध्ये. डार्कटेबल तशी लाल अक्षरात सूचना देतं, आपण वाचत नाही एवढंच.

बरं, मग हे परत परत का यायचं? तर ते माझंच कर्तृत्व. २०२० ला लॉकडाउनमध्ये मी हे सॉफ्टवेअर शिकलो, त्या वर्षी पायी वारी झालीच नव्हती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, आणि मी घरात बसून २०१९ चे फोटो घासत होतो. तेव्हा एक स्टाइल, म्हणजे एका क्लिकवर लागणारा सेटिंग्जचा गठ्ठा, बनवली, "वारी" नावाची, आणि तेव्हापासून दरवर्षी सगळे फोटो निवडून आधी ती स्टाइल मारायची सवय. त्या स्टाइलमध्ये हायलाइट रीकन्स्ट्रक्शन पण होतं, तेव्हाच्या पद्धतीवर, म्हणजे क्लिप हायलाइट्स, जे जिथं एक चॅनल कापला गेलाय तिथं बाकीचे दोन पण कापून सपाट पांढरं करतं. पुढं ४.२ आवृत्तीत, डिसेंबर २०२२ मध्ये, इनपेंट अपोज्ड नावाची खूपच चांगली पद्धत आली आणि ती डिफॉल्ट पण झाली, पण माझी स्टाइल दरवेळी तिला बाजूला सारून २०२० च्या पद्धतीवर नेऊन ठेवायची. मी एका फोटोत दुरुस्त करायचो, खूश व्हायचो, पुढच्या बॅचला स्टाइल मारायचो आणि आपण जिथून निघालो तिथंच. वर गुलाबी डागाचा वेगळा रोग, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ होऊन कशाने काय झालं ते कळायचंच नाही.

तेव्हा तुमच्याकडे जुनी स्टाइल असेल किंवा कुणाकडून उतरवून घेतलेली असेल तर आधी ती उघडून बघा आत काय काय भरलंय. त्यातून हायलाइट रीकन्स्ट्रक्शन, व्हाइट बॅलन्स आणि रॉ ब्लॅक-व्हाइट पॉइंट हे काढून टाका. ही तीन फाईलप्रमाणे ठरतात, आवडीप्रमाणे नाही.

पद्धतींबद्दल माझं मत थोडक्यात: ९५ टक्के फोटोंना इनपेंट अपोज्डच ठेवा आणि पुढं जा. एलसीएचवाली पद्धत रंगच काढून टाकते, ढग राखाडी मेण लावल्यासारखे होतात, संध्याकाळच्या फोटोला तर अजिबात नको. गायडेड लॅप्लेशियन दिव्यांच्या आणि छोट्या चकाकीच्या कडा फार सुंदर मिटवते पण माझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा सुटतो, आणि ती वापरलीत तर १०० टक्के झूम करून बघितल्याशिवाय मत बनवू नका. सेगमेंटेशनवाली मोठ्या ढगांना कधीकधी कामाला येते.

आता तिसरा प्रकार, म्हणजे माहिती आहे पण दिसत नाही. हा सगळ्यात जास्त लोकांना नडतो आणि ह्यात सॉफ्टवेअरची चूक काहीच नसते.

जुन्या सवयीने आपल्याला वाटतं की एक्सपोजर +१ केलं आणि आकाश पांढरं झालं म्हणजे आकाश गेलं. डार्कटेबलच्या सीन-रेफर्ड पद्धतीत तसं नाही. आत सगळे आकडे दशांशात चालतात, १ च्या वर गेले तरी पुसले जात नाहीत, २.७ असेल तर २.७ च राहतं, फक्त स्क्रीनला ते दाखवता येत नाही. ते दाखवण्याजोगं करणं हे शेवटी फिल्मिक आरजीबी किंवा सिग्मॉइडचं काम, त्यालाच टोन मॅपिंग म्हणायचं. दिवाळीत दहा जणांच्या घरात वीस पाहुणे आले की कसं आपण सगळ्यांना थोडं थोडं सरकवून बसवतो, कुणाला दाराबाहेर नाही ठेवत, तसंच ते. त्यामुळे एक्सपोजर माणसांकडे बघून लावायचं, चेहरा नीट दिसेपर्यंत, आकाशाकडे त्यावेळी बघायचंच नाही. हे पहिल्यांदा करताना हात थरथरतो पण करा.

मग फिल्मिकमध्ये सीन टॅबवर व्हाइट रिलेटिव्ह एक्सपोजर. मधल्या करड्यापासून किती स्टॉप वर गेल्यावर पांढरा म्हणायचं, ते हा आकडा सांगतो. माझ्या "वारी" स्टाइलमध्ये हा ४ वर ठोकलेला होता, आणि घाटातल्या फोटोला मी एक्सपोजर दीड स्टॉप वाढवलेलं, म्हणजे ढग पण दीड स्टॉप वर गेले आणि ४ च्या पलीकडे उभे राहिले. दाराबाहेर! ५.३ केलं आणि ढगांचे थर दिसायला लागले, एक्सपोजरला हात न लावता. बाजूच्या ड्रॉपरने ढगावर चौकोन ओढलात तर आकडा तोच काढून देतो, मग त्यात थोडंफार इकडंतिकडं करायचं. पण ह्याचा दुसरा टोकाचा रोग म्हणजे आकडा ७-८ करून ठेवणं, "अजून डिटेल येईल" म्हणून. फाईलमध्ये तिथवर काही नसतंच, मग फोटोत पांढरं असं काहीच उरत नाही, सदरे राखेत घोळल्यासारखे दिसतात. "हायलाइट रिकव्हर केले पण फोटो मेलेला दिसतो" अशी तक्रार असेल तर आधी हा आकडा बघा.

सिग्मॉइडमध्ये ही कटकट नाही, कॉन्ट्रास्ट आणि स्क्यू एवढंच मुख्य, पांढऱ्याकडे ते आपोआप हळू हळू वळतं. नवीन माणसाने तेच घ्यावं असं माझं मत, मी फिल्मिकवर अडकलोय ते सवयीने. सूर्यास्ताला तर मी पण सिग्मॉइडच घेतो, त्यातलं कलर प्रोसेसिंग पर चॅनलवर ठेवून, कारण त्यात नारिंगी पिवळ्याकडे आणि पिवळा पांढऱ्याकडे जातो, डोळ्याला ओळखीचं वाटतं. आरजीबी रेशोवर ठेवलं तर सूर्याभोवती भोपळ्याच्या रंगाचा सपाट चट्टा येतो. आणि कृपा करून फिल्मिक आणि सिग्मॉइड दोन्ही एकदम चालू ठेवू नका, जुना बेस कर्व्ह पण नको, एका वेळी एकच. हे हसण्यासारखं वाटेल पण मी दोन मित्रांच्या लॅपटॉपवर दोन्ही चालू बघितलेत आणि दोघांची तक्रार एकच होती, "रॉ एकदम फिकट दिसतं".

एवढं करूनही आकाश थोडं जड करायचं असेल तर टोन इक्वलायझर. ह्यात वलय येतं म्हणून लोक घाबरतात, पण वलय येतं ते मास्क नीट न केल्यामुळे. मास्किंग टॅबवर जा, मास्क दाखवायला सांगा, तो करड्या रंगात दिसेल, त्यात आकाश एक गठ्ठा आणि माणसं एक गठ्ठा असं, कडा धरून पण आतून गुळगुळीत दिसलं पाहिजे. हिस्टोग्राम एका बाजूला चिकटला असेल तर मास्क एक्सपोजर आणि मास्क कॉन्ट्रास्टच्या बाजूच्या जादूच्या छडीच्या चिन्हावर क्लिक करून पसरवून घ्या. मग सरळ फोटोवर येऊन ढगावर माऊस ठेवायचा आणि चाक फिरवायचं, ढगाएवढा उजेड जिथं जिथं आहे तेवढंच खाली येतं. मी पाऊण स्टॉपच्या पुढं जात नाही. त्यापुढं गेलं की पावसाळी आकाश कुणी खडूने रंगवल्यासारखं दिसतं.

आणि काही हायलाइट उडालेलेच बरे असतात. त्याच फोटोत एका माऊलींच्या हातातले टाळ आहेत, पितळेवर ऊन आपटून एक ठिणगीएवढा पांढरा ठिपका. शिफ्ट-ओ तिथं तिन्ही चॅनल गेलेले दाखवतो. मी एकदा तो "वाचवायचा" प्रयत्न केला तर टाळ प्लास्टिकचे दिसायला लागले. चकाकी म्हणजे पांढरीच असते, सोडा तिला. सूर्याची थाळी पण तशीच, ती खाली ओढली की आभाळात राखाडी भाकरी लटकल्यासारखी दिसते. सदऱ्याचं तसं नाही, सदऱ्याचं विणकाम दिसलंच पाहिजे, खांद्यावरची ती उभी वीण आणि घामाने चिकटलेली चुणी, ती गेली तर कापड नाही, कागद होतो.

कॅमेऱ्याकडून एवढंच: मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम आतल्या जेपेगचा असतो, रॉचा नाही, त्यात "गेलं" दाखवलं तरी रॉमध्ये बऱ्याचदा थोडी जागा शिल्लक असते. पण पांढरे कपडे आणि मागं उजळ ढग असले की मी तरीही एक्सपोजर -०.७ स्टॉपवर ठेवून काढतो, बेस आयएसओला शॅडो वर ओढता येतात. हायलाइट वाचवायची जी कॅमेऱ्यातली ऑटो सेटिंग्ज असतात ती रॉ काढताना बंद ठेवा, त्यातली काही गुपचूप एक्सपोजर कमी करतात आणि मग घरी आल्यावर फोटो अंधारा का म्हणून आपण डोकं खाजवतो. १२ बिटचं १४ बिट केल्याने हायलाइटला काही मिळत नाही, फायदा असलाच तर खालच्या अंधाऱ्या भागात.

राहिले जुने फोटो. ते एकेक उघडत बसू नका. एक फोटो पूर्ण दुरुस्त करायचा, मग लाइटटेबलवर (सगळे फोटो एकत्र दिसतात तो भाग) येऊन हिस्टरी स्टॅकमधून सिलेक्टिव्ह कॉपी, त्यात फक्त हायलाइट रीकन्स्ट्रक्शन आणि रॉ ब्लॅक-व्हाइट पॉइंटवर खूण, बाकी सगळं मोकळं. मग डावीकडे कलेक्शनमध्ये आयएसओ १०० निवडून सगळे सिलेक्ट, पेस्ट. पेस्टच्या आधी मोड अपेंडवर आहे ना ते नक्की बघा, ओव्हरराइटवर असेल तर तुमचं आधीचं सगळं काम उडेल, मला हे चाळीस फोटो गेल्यावर कळलं. आयएसओ ४०० च्या वरच्यांना व्हाइट पॉइंट न घेता नुसतं हायलाइट रीकन्स्ट्रक्शन पेस्ट केलं. २०१९ पासूनचे सगळे मिळून साडेसहाशे फोटो होते, रात्री एक्सपोर्टला लावून झोपलो, आणि "वारी" स्टाइल डिलीट केली. भाच्याला टोपीवाला फोटो परत पाठवला तर म्हणतो, "मामा, गुलालच बरा दिसत होता."